हसनकाकांची दुसरी वही

फोन आला तेव्हा मी गोळ्या मोजत होते. ऑकलंडमधल्या अवोन्डेलच्या आमच्या फार्मसीत सकाळी नऊ ते दहा हा फोनचाच तास, कान आणि खांदा यांच्यात रिसीव्हर धरून मी सवयीने “गुड मॉर्निंग” म्हटलं आणि पलीकडून हसनकाकांच्या मुलाचा, युसुफचा आवाज आला, “मेधा… बप्पा गेले. पहाटे फजरची नमाज पढले, चहा मागितला. मी चहा घेऊन आलो तर…” पुढे त्याला बोलता येईना. दुपारच्या नमाजनंतर लगेच दफन आहे, एवढं त्याने कसंबसं सांगितलं. मी रिसीव्हर ठेवला आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर भिंतीवरचं माझं मराठी कॅलेंडर पाहिलं. आमच्याकडे माणूस गेल्यावर नक्षत्र बघतात, नाही असं नाही, पण ते पंचक-बिंचक लागलंय का म्हणून, धास्तीने. मी पाहिलं ते निराळ्याच कारणाने. स्वाती! काका स्वातीत गेले! आणि रडू फुटायच्या आधी मला चक्क हसू फुटलं, कारण ही बातमी सांगायला ज्यांच्याकडे धावत जावं ते तर तेच होते. काउंटरवरची माझी सहकारी, मेरे, मला हसताना बघून जवळ आली, माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता माझ्या हातातली गोळ्यांची बाटली काढून घेतली.

याला आता पाच-सहा आठवडे झाले. तेव्हा ठरवलं होतं की दुःखाचं काही लिहायचं नाही. हसनकाकांची ज्यांना ज्यांना आठवण येते त्यांचे डोळे आधी चमकतात, आणि मग भरतात. त्याच क्रमाने मी लिहिणार आहे.

काका मालदीवचे. हिंदी महासागरातल्या एका इतक्या चिमुकल्या बेटावरचे की, त्यांच्याच शब्दांत, एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाहून दुवा यायची. आयुष्यभर शाळामास्तर. बायको गेल्यावर एकुलत्या एक मुलाने, युसुफने, त्यांना इकडे ऑकलंडला आणलं. युसुफ लहानपणीच कोलंबोच्या शाळेत गेला, मग इथल्या विद्यापीठात, आणि आता सिटीतल्या एका ऑफिसात इंजिनियर. काका बुटके, काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, अंगात सुनेने विणलेलं स्वेटर आणि पायांत बारा महिने जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. बुटांमध्ये पाय घातले की पाय दिसत नाहीत आणि पाय दिसले नाहीत की आपण कुठे उभे आहोत ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. हिंदी सिनेमे पाहून शिकलेलं हिंदी आणि शाळेतलं इंग्रजी अशा खिचडीत ते बोलायचे. इथे मी ते मराठीतच सांगते.

सात वर्षांपूर्वी जूनच्या शेवटी, भर थंडीत, ते पहिल्यांदा प्रिस्क्रिप्शन घेऊन आले. ब्लडप्रेशरची नवी गोळी होती. मी नेहमीचं सगळं समजावलं, तर मान हलवून म्हणाले, “आजपासून नको. तीन दिवसांनी फुनोस लागतं, तेव्हा सुरू करतो.” मी विचारलं, फुनोस म्हणजे काय? “सातवं,” ते म्हणाले, जणू त्याने सगळा उलगडा होतो. माझं डोकंच सटकलं. मी दादरची, दुकानात उभं राहून बोलायला लागले की तोंडाचा पट्टा थांबत नाही. मुहूर्त पाहून कधी कुणी ब्लडप्रेशरची गोळी घेतं का, तीन दिवसांत काही झालं तर तुमचं ते फुनोस येणार आहे का अँब्युलन्स घेऊन, असं बरंच काही बोलले. त्यांनी शांतपणे माझ्याच पेनने औषधाच्या कागदी पिशवीवर इंग्रजी अक्षरांत लिहायला सुरुवात केली. अस्सिदा. बुरुनु. केती. रोआनु… चौथ्या नावाला माझी वटवट थांबली. मियाहेली. अदा. फुनोस. मी त्यांच्या बोटामागोमाग पुटपुटत होते, अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा… “पुनर्वसू!” मी इतक्या जोरात ओरडले की रांगेतला एक समोअन गृहस्थ खोकल्याच्या औषधासकट दचकला.

त्यानंतरची वीस मिनिटं आम्ही दोघांनी दुकान डोक्यावर घेतलं. सत्तावीसच्या सत्तावीस! हिता म्हणजे चित्रा, हे म्हणजे स्वाती, मुला म्हणजे मूळ, रेवा म्हणजे रेवती. त्यांच्याकडे या प्रत्येकाला नकई म्हणतात, प्रत्येक नकई तेरा-चौदा दिवसांचं, आणि कुठल्या नकईत मासा कुठे मिळेल, होडी पाण्यात कधी ढकलायची, वारा कधी फिरणार ते सगळं त्यात ठरलेलं. तारखासुद्धा आमच्याशी चार-पाच दिवसांच्या फरकाने जुळत होत्या! मी त्यांना आमच्या पावसाच्या नक्षत्रांची वाहनं सांगितली, यंदा मृगाचं वाहन बेडूक, आर्द्राचं गाढव, असं पंचांगात छापून येतं म्हटलं. “पाऊस गाढवावर बसून येतो?” काका पोट धरून हसले. “आमच्याकडे नको गं बाई, बेट बुडेल.” ‘पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा’ ही म्हण मी तिथल्या तिथे हिंदीत करून सांगितली आणि ती त्यांनी पिशवीवर लिहून घेतली. मेरे एकटी रांग सांभाळत होती आणि मधूनच आमच्याकडे बघून, “स्वीट ॲज, टेक युअर टाइम,” म्हणजे होऊ द्या निवांत, असं टोमण्यात म्हणत होती. शेवटी काका उठले. गोळी त्यांनी माझ्यासमोर, त्याच दिवशी, पाण्याबरोबर घेतली. “औषध अल्लाचं, दिवस नकईचा आणि दटावणं तुझं,” म्हणाले, “तिघांमध्ये तूच मोठ्याने बोलतेस.” त्या दिवसापासून मी त्यांची कोक्को झाले. त्यांच्या भाषेत, दिवेहीत, धाकट्या भावंडाला असं म्हणतात.

आता वाचणाऱ्याच्या मनात जो प्रश्न येईल तो माझ्याही मनात आला आणि मला तर पोटात काही ठेवताच येत नाही. पुढच्या महिन्यात मी सरळ विचारलं, “काका, तुम्ही पाच वेळा नमाज पढणारे. मग ही नक्षत्रं कशी चालतात?” ते ब्लडप्रेशर मापायच्या खुर्चीवर बसले, हाताला पट्टा बांधलेला, आणि तशाच अवस्थेत त्यांनी मला त्यांच्या बेटांवर इस्लाम कसा आला ते सांगितलं. फार पूर्वी बेटांवर बुद्धाची देवळं होती आणि समुद्रात भुतं होती. दर महिन्याला समुद्रातून दिव्यांनी लखलखणारं गलबतासारखं काहीतरी यायचं आणि किनाऱ्यावरच्या देवळात एक मुलगी सोडावी लागायची. एकदा एक परदेशी प्रवासी एका म्हातारीकडे उतरला होता, तिच्या मुलीची पाळी आली. तो म्हणाला, मी जातो. रात्रभर तो देवळात कुराणातल्या आयती म्हणत बसला. सकाळी लोक प्रेत उचलायला गेले तर हा आपला म्हणतोच आहे! राजाने पाहिलं, कलमा पढला, आणि मग सगळ्या बेटांनी. “हे सगळे सांगतात,” काका म्हणाले, “पण दुसऱ्या दिवसाचं कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी समुद्र तोच होता ना, कोक्को? वारा तोच, मासा तोच. मग बायकांनी काय केलं? जुन्या मंत्राच्या डोक्यावर बिस्मिल्ला ठेवलं आणि कामाला लागल्या.” आणि खो खो हसले. मशीनवर आकडा एकशे साठ आला. मी ओरडले. त्यांचं म्हणणं, गोष्ट सांगताना मापलं तर असंच होणार.

या डोक्यावर बिस्मिल्ला ठेवलेल्या विद्येला त्यांच्याकडे फंडिता म्हणतात. होडी समुद्रात ढकलताना म्हणायचं, ताप उतरवायचं, बाळंतिणीसाठी बशीवर शाईने लिहून ती शाई धुऊन प्यायला द्यायचं, असं सगळं. काकांचे वडील त्यांच्या बेटावरचे फंडितावाले होते आणि मशिदीत बांग देणारे मुअज्जिनही तेच होते. हे मला कळलं तेव्हा मी पुन्हा एकदा “काय सांगता!” म्हणून किंचाळले होते. मात्र वडिलांबद्दल काका त्यापुढे बोलत नसत. मी खोदून विचारलं की ते लगेच माझ्या मुलीच्या, इराच्या, शाळेचा विषय काढायचे.

मग २००४च्या डिसेंबरातली ती त्सुनामी आली. दोन दिवस त्यांचा गावाकडे फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की त्यांची माणसं वाचली, पण लाट बेटाच्या या बाजूने येऊन त्या बाजूने गेली होती. विहिरी खाऱ्या झाल्या, लोकांना दुसऱ्या बेटांवर पांगवलं. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे. अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारातून घेतलेले दोन नारळ एका हातात, आणि दुसरा हात थरथरत होता, मधल्या काळात त्यांना पॅरॅलिसिसचा छोटा झटका येऊन गेला होता. “घरात कोरी वही आहे का?” त्यांनी विचारलं. “मला लिहिता येत नाही आता. मी सांगतो, तू लिही.” इराच्या शाळेची एक निळी वही मी काढली आणि आम्ही डायनिंग टेबलाशी बसलो. नकईपासून सुरुवात होईल अशा अपेक्षेने मी पेनाचं टोपण काढलं. पण त्यांनी आधी पहिल्या वहीचं सांगितलं.

त्यांच्या वडिलांची एक वही होती. जाड, कातडी वेष्टनाची, तीन पिढ्यांनी लिहिलेली. काका बाविसाव्या वर्षी राजधानीतून शिकून, मास्तर होऊन बेटावर परतले तेव्हा अंगात नवा जोश. फंडिता म्हणजे अंधार, अल्लाखेरीज दुसऱ्या कशाची शक्ती मानणं हे पाप आहे, असं त्यांनी बापाला सगळ्या गावासमोर ऐकवलं. अशी वस्तू मी घरात ठेवू शकत नाही, मला वर जाब द्यावा लागेल, असंही. बाप आत गेला. वही आणून मुलाच्या हातात दिली आणि म्हणाला, “तू माझ्यापेक्षा जास्त शिकलास. तू ठरव.” काका होडी घेऊन प्रवाळाच्या कडेपलीकडे गेले, वहीला दगड बांधला, आणि टाकायच्या आधी सहज उघडली… पहिल्या पानावर कुराणातला पहिला अध्याय, पहिली सुरा. दुसऱ्यावर आयत. पानंच्या पानं आयतींची, मध्ये जुने शब्द, समासात नकई, पुन्हा आयत. कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते उकलता येईना. “मी जिला अंधार म्हणत होतो तिच्यात अर्धं कुराण होतं, कोक्को.” मी विचारलं, मग परत का नाही आणली? त्यांनी टेबलावरच्या नारळाच्या शेंडीचे धागे ओढत सांगितलं, “गावाला सांगून बसलो होतो ना. लाज वाटली.” आणि ती त्यांनी पाण्यात सोडली. वडील पुढे दोन वर्षांत गेले. त्यांनी कधी त्या वहीचा विषय काढला नाही. नवी होडी निघाली की किनाऱ्यावर उभं राहून सगळं तोंडपाठ म्हणायचे, आणि काका मुद्दाम शाळेत बसून राहायचे. आता बेटही रिकामं झालं होतं, आणि त्यांच्या डोक्यात जेवढं उरलं होतं तेवढंच होतं.

मी त्या दिवशी लिहायला लागले ती जवळजवळ चार वर्षं, रविवारमागून रविवार. आणि आता सांगते, इतका आनंद मला दुसऱ्या कुठल्याच कामात झालेला नाही! पहिल्या दिवशी मी दिवेही शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले, तर परत वाचताना काकांनी कानांवर हात ठेवले. त्यांच्या भाषेत ळ आहे! काळ्या रंगाला ते कळु म्हणतात. ऑकलंडमध्ये कुणाला म्हणता येतो का ळ? मी टुणकन उडालेच. इंग्रजी खोडून देवनागरीत लिहिलं, वाचून दाखवलं, आणि काकांनी डोळे मिटून ऐकलं. एकेक शब्द निघायचा आणि आम्ही नाचायचे बाकी राहायचो. माशाला मस, साखरेला हकुरु, काय नि काय! काका स्वयंपाकघरात नारळ खवून, डब्यातला ट्यूना, कांदा, लिंबू चुरून त्यात घालायचे, मी पोळ्या लाटायचे, आणि काका तोंडात घास असतानाच, “थांब, आठवलं, आठवलं!” करत ओरडायचे. माझा नवरा म्हणायचा, हे दोघं वही लिहीत नाहीत, क्रिकेटची मॅच बघतायत. इरा, जिला सगळं मराठी समजतं आणि जी सगळं इंग्रजीत बोलते, तिने एकदा युसुफला वडिलांना हाक मारताना ऐकलं आणि विचारलं, “बप्पा? लाइक गणपती बप्पा?” काकांना मी अर्थ सांगितला. पुढे कित्येक दिवस ते आरशापुढे पोट पुढे काढून उभे राहायचे आणि जमत नाही म्हणून हळहळायचे.

युसुफबद्दल नीट लिहिलं पाहिजे. तो गुणी मुलगा आहे. बापाची औषधं, डॉक्टर, अंघोळ, सगळं तो स्वतः करायचा. माझ्या ओळखीतल्या किती मुलांनी केलं असतं कोण जाणे. गेल्या काही वर्षांत तो धर्माबद्दल काटेकोर झाला होता. एका रविवारी काकांना न्यायला आला तेव्हा मी नेमकी होडीच्या वेळचं म्हणणं वाचून दाखवत होते. त्याने दारातूनच ऐकलं. दिवेही त्याला सगळं समजतं, बोलतो मात्र इंग्रजीच. वहीत डोकावला, तर देवनागरी. त्याला ओ की ठो कळेना. “बप्पा, काय आहे हे?” काकांनी सांगितलं, तुझ्या आजोबांची वही. युसुफ गुडघ्यावर बसला, बापाचा हात हातात घेतला, आणि अगदी मायेने म्हणाला, “तुमचं मन मी मोडणार नाही. पण तुमच्यानंतर मी ही घरात ठेवू शकत नाही. आय विल हॅव टू आन्सर फॉर इट.” मी काकांकडे पाहिलं. शब्दाशब्दाने तेच वाक्य होतं, त्यांनी आपल्या बापाला ऐकवलेलं. काका त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. तो गाडीकडे गेल्यावर मात्र माझ्याकडे वळून डोळे मिचकावून म्हणाले, “तुझ्या अक्षरांमुळे एक बरं आहे. तुला विचारल्याशिवाय कुणाला ठरवता येणार नाही, काय टाकायचं आणि काय ठेवायचं.”

तरी ते स्वस्थ बसणारे नव्हते. मेरे माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतली. एकदा तिच्याकडून त्यांना कळलं की तिच्या लोकांचं नवं वर्ष मातारिकी नावाच्या तारकापुंजापासून सुरू होतं, हिवाळ्यात, पहाटे तो पुन्हा दिसायला लागला की. काकांनी मला फोन करून सांगितलं की ही केतीच असणार, दुसरं काही असूच शकत नाही, आपल्याला गेलंच पाहिजे. म्हणून एका कडाक्याच्या पहाटे आम्ही माउंट अल्बर्टच्या टेकडीवर. मेरे, मी, काका जँडल्समध्ये, आणि गाडी चालवायला युसुफ. फजरची वेळ होत आलेली. बापलेकांनी गवतावर चटया टाकून नमाज पढली, आम्ही दोघी थर्मास धरून बाजूला उभ्या. नमाज संपते न संपते तोच मेरेने ईशान्येकडे हात केला. “किया ओरा, मातुआ हसन,” म्हणजे नमस्कार हसनबाबा, असं तिच्या भाषेत म्हणाली, “देअर शी इज.” खाली क्षितिजाजवळ, दवासारखा तो झुबका. काका ओरडले, “केती!” मी ओरडले, “कृत्तिका!” आणि मेरे आम्हा दोघांच्या वरताण, “मातारिकी!” “पण उलटी!” काका मान वाकडी करून म्हणाले, “आमच्याकडे अशी नसते. इथे सगळं डोक्यावर उभं!” तीन समुद्रांकडची तीन माणसं आणि तोच एक झुबका. आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या, काकांनी मेरेला सलाम केला, तिने त्यांच्या कपाळाला कपाळ टेकवलं. मग काका युसुफकडे वळले. “तू फजरला उठतोस म्हणून तुला हे दिसलं,” म्हणाले. “माझा बापही बांग द्यायला उठायचा. सगळ्या बेटाच्या आधी उठणारा तो एकटाच, म्हणून नकई बदललं की पहिलं त्याला दिसायचं.” युसुफ बराच वेळ तिकडे बघत होता. “इट्स ब्युटिफुल, बप्पा,” तो म्हणाला, “बघण्याला माझी ना नाही. वहीतल्या बाकीच्याचं काय?” काका चटई गुंडाळायला लागले. थंडीने त्यांचे दात वाजत होते, आणि आम्ही खाली आलो.

या सप्टेंबरमध्ये त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं तेव्हा मी भेटायला गेले. हृदय थकलं होतं, पाय सुजले होते, पण डोळे तेच. म्हणाले, बाहेर काय चाललंय? मी म्हटलं, उत्तरा. खूश झाले. मग म्हणाले, “कोक्को, वही तुझ्याकडेच आहे ना? युसुफने मागितली तर देऊन टाक. लपवायची नाही. माझ्या बापाने लपवली नव्हती.” माझा तोल गेला. चार वर्षांची मेहनत, त्यांची नि माझी! “आणि त्याने टाकून दिली तर?” मी तिथेच, नर्ससमोर, भांडायला लागले. त्यांनी माझा हात थोपटला. “तर टाकू दे. टाकायच्या आधी त्याने ती उघडावी, आणि उघडल्यावर घाई करू नये, एवढंच मी अल्लाकडे मागतो.” घरी येताना मी लायब्ररीत थांबले, वही पिशवीतून काढली, झेरॉक्स मशीनचं झाकण उघडून त्यावर ठेवली. आणि तशीच उचलून परत आले. एकही पान काढलं नाही. बरोबर केलं की मूर्खपणा केला, तेव्हा कळत नव्हतं. त्यानंतर महिन्याभराने तो फोन आला.

तीन आठवड्यांनी, रविवारी, काकांच्याच वेळेला बेल वाजली. दारात युसुफ. आत आला, टेबलाशी बसला, वडिलांच्या नाही तर त्यांच्या समोरच्या खुर्चीत. “बप्पांची वही,” तो म्हणाला, “मला हवी आहे.” मी आतून आणून त्याच्यासमोर ठेवली. मी दोन्ही हात ओट्यावर टेकून उभी राहिले. त्याने ती उघडली. एक पान उलटलं, दुसरं, तिसरं. ओळीवरून बोट फिरवत होता, आंधळ्या माणसाने फिरवावं तसं. मग माझ्याकडे वही सरकवून म्हणाला, “वाच.”

मी बसले आणि वाचायला लागले. मला अक्षर न् अक्षर वाचता येतं, अर्थ फारच थोडा कळतो. त्याला अर्थ सगळा कळत होता आणि अक्षर एकही वाचता येत नव्हतं. असे आम्ही दोघं त्या वहीवर बसलो. नकई झाली. तापाचं झालं. आयत आली की तो माझा उच्चार दुरुस्त करायचा, घशातून असा, असं म्हणून दाखवायचा, आणि चिडून, अगदी काकांसारखं, कानांवर हात ठेवायचा. मग होडीचं म्हणणं आलं. बिस्मिल्ला, मग वाऱ्याचं नाव, मग समुद्राला काहीतरी, मग पुन्हा आयत. इथे काकांनी मला दोन ओळी मोकळ्या सोडायला सांगितल्या होत्या. चार वर्षांत त्या त्यांना आठवल्या नाहीत. दर वेळी कपाळावर हात मारून म्हणायचे, मी शाळेत बसून राहायचो ना, ऐकायला पाहिजे होतं. मी युसुफला तसं सांगितलं आणि पुढच्या पानावर जाऊ लागले.

“थांब,” तो म्हणाला.

त्याने डोळे मिटले. ओठ हलायला लागले. आणि मग त्याने दिवेहीत, मी त्याच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या दिवेहीत, एका ठेक्यात काहीतरी म्हटलं. दोन ओळी. डोळे उघडले तेव्हा तो स्वतःच दचकलेला होता. “मला कोलंबोला पाठवलं ना,” तो इंग्रजीत म्हणाला, “सात वर्षांचा होतो. जेट्टीवर आजी माझ्या कानात हे म्हणाली. होडी सुटेपर्यंत म्हणत होती. मला वाटायचं, ती नुसती रडतेय.” त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पुसायचं त्याला भान नव्हतं. मला राहवेना, नको तिथे विचारायची माझी खोड. मी विचारलं, “युसुफ, हे कुराणातलं, की त्याच्या आधीचं?”

त्याने त्या रिकाम्या ओळींवर बोट ठेवलं.

“आय डोन्ट नो,” तो म्हणाला. मग खुर्ची पुढे ओढली. “तू लिही.”

त्याने सावकाश, तीनदा म्हणून दाखवलं, तेव्हा कुठे मला ते बरोबर लिहिता आलं.